चरबीतल्या स्टेम सेल आजारी जागी पोचतात का, आणि पोचवायच्या कशा?

प्रश्न असा आहे: पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीतून काढलेल्या स्टेम सेल शिरेतून दिल्या, तर त्या स्वतःहून आजारी अवयव शोधून तिथे जातात का? जात नसतील तर त्यांना तिथे न्यायचे मार्ग कोणते, आणि त्यातले खरोखर चालणारे किती?

आधी थोडक्यात सांगतो. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत संपतात. आजारी जागेपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. न्यायचे मार्ग पुष्कळ सुचवले गेलेत, काही फार हुशारीचेही आहेत. पण माणसात आजवर सगळ्यात भरवशाचा राहिला आहे तो सुईने थेट त्या जागी सोडण्याचा. आणि काही आजारांत पेशी तिथे पोचण्याची गरजच नसते. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विचारातच घेत नाहीत, म्हणून त्यावर खाली जरा जास्त लिहिलं आहे.

माझं काम पेशी तयार करण्याच्या बाजूचं. रुग्णाला सुई टोचणारा मी नव्हे. त्यामुळे सुरुवात प्रयोगशाळेपासून करतो, कारण पेशी पुढे कुठे जाणार याचा बराचसा निकाल तिथेच लागलेला असतो.

लायपोसक्शनने काढलेली चरबी धुऊन घेतात आणि कोलॅजिनेज हे विकर घालून ३७ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास हलती ठेवतात. मग सेंट्रिफ्यूज. नळी बाहेर काढली की वर पिवळं तेल आणि न विरघळलेली चरबी दिसते, मधे गढूळ पाणी, आणि तळाशी छोटासा लालसर साका. सगळा खटाटोप त्या साक्यासाठी. त्याला स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन म्हणतात. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, वाहिन्यांना बाहेरून बिलगून राहणाऱ्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात, आणि आपल्याला हव्या त्या स्टेम सेलही असतात, पण इतरांच्या गर्दीत. हा साका प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवला की चिकटून राहणाऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी उरतात आणि बाकीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत गळतात. २००१ साली पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशींपासून चरबी, हाड, कूर्चा आणि स्नायू या दिशांनी वाढ करून घेता येते. अस्थिमज्जेच्या मानाने चरबीत त्यांचं प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि चरबी काढणं सोपंही आहे. त्या लोकप्रिय झाल्या त्या मुख्यतः यामुळे.

त्याच दिवशी काढून त्याच दिवशी टोचलेला साका आणि तीन-चार आठवडे वाढवलेल्या शुद्ध पेशी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीचे निष्कर्ष दुसरीला लावता येत नाहीत. जाहिरातींत दोन्हींना सर्रास एकच नाव दिलेलं असतं.

आता वाढवलेल्या पेशी फ्लास्कमधून सोडवायच्या. त्यासाठी ट्रिप्सिन घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मिनिटा-दोन मिनिटांत लांबट पेशी आखडतात, गोल होतात आणि तरंगू लागतात. दिसायला छान, पण ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर आहे. पेशीला तळाशी धरून ठेवणारी प्रथिनं ते कापतं तशी तिच्या पृष्ठभागावरची इतरही काही कापतं. म्हणजे वाट शोधायला जे उपयोगी पडलं असतं त्यातलं थोडं आपण इथेच गमावतो. त्यातून पेशी द्रवनत्रात गोठवून ठेवलेल्या असतील आणि वितळवल्याबरोबर लगेच दिल्या, तर त्यांची ताकद आणखी कमी भरते. काही ठिकाणी म्हणूनच वितळवल्यावर त्यांना एखादा दिवस पुन्हा वाढू देतात आणि मग वापरतात.

शिरेतून दिल्यावर काय होतं? हातातल्या शिरेतलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून थेट फुप्फुसात. फुप्फुसातल्या केशवाहिन्या सहा-आठ मायक्रॉन रुंदीच्या. आपली पेशी गोल झाल्यावर पंधरा ते वीस मायक्रॉन, कधी त्याहून मोठी, आणि पांढऱ्या पेशीसारखी वाकून-दबून निघून जाण्याची तिला सवय नाही. फुप्फुस इथे चाळणीचं काम करतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात अस्थिमज्जेतल्या लहान एककेंद्रकी पेशी फुप्फुस ओलांडण्यात या प्रकारच्या स्टेम सेलच्या सुमारे तीसपट सरस ठरल्या. फरक निव्वळ आकाराचा नाही. पृष्ठभागावरची चिकट प्रथिनंही पेशींना फुप्फुसातल्या वाहिन्यांच्या भिंतीला धरून ठेवतात. त्याच अभ्यासात त्यातलं एक प्रथिन अँटिबॉडीने झाकल्यावर जास्त पेशी पार गेल्या.

पेशी कुठे जातात ते कळावं म्हणून त्यांना आधी खूण लावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत आणि प्लीहेत ती खूण दिसायला लागते. पूर्वी याला ‘पेशी पुढे सरकल्या’ असं समजत. नंतरच्या कामातून कळलं की तिथे दिसतं ते बहुतांशी मेलेल्या पेशींचं सामान, भक्षक पेशींनी गिळून नेलेलं. खूण लावलेल्या पेशींचा मागोवा घेताना हा घोटाळा कायम होतो. लोहाचे सूक्ष्मकण भरून एमआरआय केला की लोह दिसतं, पण ते जिवंत स्टेम सेलमध्ये आहे की तिला खाल्लेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशीमध्ये, हे चित्र सांगत नाही. इंडियम-१११ लावलं तर किरणोत्सर्गाची खूण मिळते. तिचं अर्धायुष्य २.८ दिवस, आणि पेशी मेली तरी खूण तिथेच राहते. ल्युसिफरेज जनुक घातलेल्या पेशी जिवंत असल्या तरच चमकतात, ही त्यातली प्रामाणिक पद्धत, पण तो प्रकाश उंदराच्या अंगातून बाहेर येतो, माणसाच्या नाही. ‘आमच्या पेशी अमुक अवयवात पोचल्या’ असं वाचलं की मी आधी मागोवा कशाने घेतला ते बघतो.

मग शिरेतून देणं व्यर्थच का? नाही, आणि गंमत इथेच आहे. डार्विन प्रोकॉप यांच्या गटाने २००९ साली हृदयविकाराचा झटका आणलेल्या उंदरांना शिरेतून मानवी स्टेम सेल दिल्या. त्या फुप्फुसात अडकल्या, हृदयात जवळजवळ पोचल्याच नाहीत, तरी हृदयाची हानी कमी झाली. कारण फुप्फुसात अडकल्यावर त्या पेशी टीएसजी-६ नावाचं दाह कमी करणारं प्रथिन सोडू लागल्या. हे प्रथिन बनवण्याची त्यांची क्षमता दाबून टाकली की फायदा गेला. नुसतं प्रथिन टोचलं तर बराचसा फायदा पेशींविनाही मिळाला. या पेशी अस्थिमज्जेतल्या होत्या, पण चरबीतल्या पेशींचंही बरंचसं काम असंच, सोडलेल्या द्रव्यांमार्फत चालतं. २०१७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली: काही रुग्णांत या पेशी शरीराच्या मारक पेशींकडून मारल्या जातात, आणि त्या मरण्यातूनच प्रतिकारशक्ती शांत होते. ज्या रुग्णांच्या रक्तात त्यांना मारण्याची क्षमता जास्त होती त्यांनाच उपचाराचा गुण आला.

म्हणून मी कोणत्याही योजनेत पहिला प्रश्न हाच विचारतो: पेशीने तिथे जाऊन करायचं काय आहे? सगळ्या शरीरात भडकलेली प्रतिकारशक्ती थोपवायची असेल तर पत्ता फारसा महत्त्वाचा नाही. झिजलेली कूर्चा भरायची असेल, मोडलेलं हाड सांधायचं असेल, भगंदराची वाट बुजवायची असेल, तर पेशी तिथे हजर असणं भागच आहे. कर्करोगाच्या गाठीत औषध नेऊन सोडायचं असेल तर पत्ता हेच सर्वस्व. या तिन्हींना एकच उत्तर देता येत नाही.

आता पत्ता लावायच्या युक्त्या. पांढरी पेशी सुजलेल्या जागी कशी पोचते ते माहीत असलं की त्या समजायला सोप्या जातात. सुजलेल्या ऊतीतल्या वाहिनीचं अस्तर आतल्या बाजूला ई-सिलेक्टिन हे प्रथिन बाहेर काढतं. पांढऱ्या पेशीवरच्या विशिष्ट शर्करा त्याला धरतात, पेशीचा वेग मंदावतो आणि ती भिंतीवरून घरंगळू लागते. मग भिंतीवरचे केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारे छोटे प्रथिन-रेणू, तिला इशारा देतात, इंटेग्रिन प्रथिनं घट्ट पकड घेतात, पेशी थांबते आणि भिंतीतून फटीने बाहेर पडते. चरबीतल्या वाढवलेल्या पेशीकडे यातलं काय असतं? पकड घेणारी इंटेग्रिनं बऱ्यापैकी. केमोकाइनचा इशारा ऐकणारे ग्राहक कमी. त्यातला सर्वांत चर्चेतला सीएक्ससीआर४ फ्लास्कमध्ये वाढताना पृष्ठभागावरून बहुतेक नाहीसाच होतो. आणि घरंगळायला लागणारी शर्करा तर जवळजवळ नसतेच. पहिली पायरीच नाही म्हटल्यावर पुढच्या असून काय उपयोग!

रॉबर्ट सॅकस्टाईन यांच्या गटाने २००८ साली या पहिल्या पायरीलाच हात घातला. पेशीवर सीडी४४ नावाचं प्रथिन मुबलक असतं. त्यावरच्या शर्करासाखळीला त्यांनी बाहेरून, विकर वापरून, फ्युकोज ही एक साखर जोडली. जनुकाला हात नाही, पेशी मारायची नाही. सीडी४४चं रूपांतर ई-सिलेक्टिनला धरणाऱ्या रेणूत झालं. उंदराच्या शिरेतून अशा मानवी पेशी दिल्यावर कवटीच्या हाडातल्या वाहिन्यांत त्या मंदावताना, थांबताना आणि बाहेर पडताना थेट सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. हाडाच्या मज्जेतल्या वाहिन्यांवर ई-सिलेक्टिन कायमच असतं, म्हणून पत्ता हाडाचा. सूज आलेल्या इतर जागीही ते उगवतं, त्यामुळे कल्पना व्यापक आहे. पुढे चरबीतल्या पेशींवरही हेच करून दाखवलं गेलं. माझ्या मते पत्ता लावण्याच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत देखणी, कारण ती शरीराचीच रीत वापरते आणि काही काळाने आपोआप पुसली जाते. अडचण फुप्फुसाचीच: ज्या पेशी पुढे जातात त्यांना पत्ता मिळतो, अडकलेल्यांना नाही.

सीएक्ससीआर४ परत आणायला दोन वाटा. एक सोपी: शेवटचा दिवस-दोन दिवस पेशी कमी ऑक्सिजनमध्ये, एक ते तीन टक्क्यांवर वाढवायच्या. एरवी इनक्युबेटरमध्ये पेशींना सुमारे वीस टक्के मिळतो, जो शरीरातल्या कुठल्याच चरबीला मिळत नाही. ऑक्सिजन कमी झाला की पेशी एचआयएफ-१ हे नियंत्रक प्रथिन साठवते आणि त्याच्या हुकमाने सीएक्ससीआर४ वाढतो. दुखावलेली ऊती एसडीएफ-१ हा त्याचा जोडीदार सोडत असते. दुसरी वाट जनुक घालण्याची. परिणाम जोरदार असतो, पण मग ते जनुकोपचारात मोडतं आणि सुरक्षिततेच्या तपासण्यांचा डोंगर उभा राहतो. एक मेख दोन्हींत आहे: एसडीएफ-१ची पातळी इजा झाल्यावर थोडे दिवसच चढलेली असते. जुनाट आजारात हाक मारणारंच कोणी नसेल तर ऐकणारा कान बसवून भागत नाही.

चुंबकाची कल्पना ऐकायला सगळ्यांना आवडते. पेशीत लोह ऑक्साइडचे कण भरायचे, बाहेरून चुंबक धरायचा. गुडघ्यासारख्या बंद, उथळ जागी हे जमतं. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठात मित्सुओ ओची यांच्या गटाने अस्थिमज्जेतल्या पेशी अशा तऱ्हेने गुडघ्याच्या कूर्चेच्या खड्ड्यावर बसवण्याचा प्रयोग माणसांत केला आहे. तिथे वाहत्या रक्ताशी झगडा नसतो, पेशी खाली पडू नयेत एवढंच करायचं असतं. पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. छातीबाहेरून चुंबक धरून धमनीतल्या वेगवान रक्तातून पेशी यकृताच्या एका कोपऱ्यात ओढून घेणं माणसाच्या आकारमानात अजून तरी जमलेलं नाही. त्यामानाने केंद्रित अल्ट्रासाऊंडची कल्पना मला जास्त आशादायक वाटते: हव्या त्या ऊतीला हलके धक्के दिले की ती काही काळ स्वतःच केमोकाइन सोडते, म्हणजे पेशीला बदलण्याऐवजी जागेला बोलतं करायचं. प्राण्यांच्या स्नायूंत आणि मूत्रपिंडांत याने जास्त पेशी थांबल्याचं दिसलं आहे.

फुप्फुस टाळायचं तर धमनीतून द्या, असं साहजिकच सुचतं. कॅथेटर अवयवाच्या धमनीपर्यंत नेऊन पेशी सोडल्या की त्या आधी त्या अवयवात जातात. मात्र तिथल्या केशवाहिन्याही तितक्याच अरुंद आहेत. पेशी मोठ्या, मात्रा जास्त किंवा सोडण्याचा वेग जास्त असेल तर मेंदूसारख्या अवयवात सूक्ष्म अडथळे होऊन नवाच झटका येऊ शकतो. प्राण्यांत हे झालेलं आहे. चरबीतल्या पेशींबाबत एक जादा काळजी आहे. त्यांच्यावर टिश्यू फॅक्टर हे रक्त गोठवणारं प्रथिन अस्थिमज्जेतल्या पेशींपेक्षा साधारणपणे जास्त असतं. रक्तात उतरताच त्या स्वतःभोवती गुठळी बनवायला लागू शकतात. म्हणून टिश्यू फॅक्टर मोजणं, गुठळी रोखणारं हेपरिन देणं, मात्रा आवरणं आणि सावकाश सोडणं हे सोपस्कार नव्हेत. पेशींचे पुंजके राहू नयेत म्हणून गाळून घेणंही त्यातच आलं.

थेट सुईने सोडण्याकडे येतो. इथे चरबीतल्या पेशींची खरी परीक्षा झाली ती क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातल्या गुदद्वाराजवळच्या भगंदरांवर. दात्याच्या चरबीतून वाढवलेल्या पेशींचं डार्व्हॅडस्ट्रोसेल हे औषध, बाजारातलं नाव अलोफिसेल. शस्त्रक्रियेत भगंदराची वाट खरवडून, आतलं तोंड शिवून, भोवतीच्या ऊतीत १२ कोटी पेशी टोचायच्या. २१२ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी भगंदर मिटलेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात ५० टक्के आणि नुसत्या द्रावणाच्या गटात ३४ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१६ साली छापून आले, २०१८ साली युरोपने मान्यता दिली. पुढे मोठी दुसरी चाचणी झाली आणि २०२३ साली तिचा निकाल लागला: औषध आणि द्रावण यांत ठरवलेल्या मोजमापावर फरक दिसला नाही. २०२४च्या अखेरीला कंपनीने ते युरोपच्या बाजारातून मागे घेतलं. पत्ता इथे शंभर टक्के बरोबर होता. पेशी मिलिमीटरच्या हिशोबाने हव्या तिथे होत्या. तरीही दुसऱ्या खेपेला फरक पडला नाही. पेशी पोचवणं म्हणजेच उपचार, असं मानणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

जागेवर सोडूनही त्या तिथे राहतात असंही नाही. डुकराच्या हृदयावरच्या एका जुन्या प्रयोगात रक्तातल्या पेशी तीन तऱ्हांनी दिल्या: स्नायूत टोचलेल्यांपैकी तासाभराने हृदयात सुमारे ११ टक्के उरल्या, हृदयाच्या धमनीतून आणि शिरेतून उलट्या दिशेने दिलेल्यांपैकी जेमतेम तीनेक टक्के. धडधडणारा स्नायू पेशींना पिळून बाहेर काढतो. हायड्रोजेलमध्ये किंवा कोलॅजनच्या जाळीत बसवून पेशी देण्यावर इतकं काम चाललं आहे ते याचसाठी. हे काम दिसायला साधं आणि कमी चमकदार, पण उपयोग होण्याची शक्यता मला यातच जास्त दिसते.

मज्जारज्जूच्या इजेत कण्याच्या द्रवात पेशी सोडण्याचा मार्ग वापरतात. तिथे फुप्फुस आडवं येत नाही. मेयो क्लिनिकच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांना त्यांच्याच चरबीतून वाढवलेल्या पेशी अशा दिल्या. दहा जणांपैकी सात जणांची इजेची तीव्रता मोजणारी श्रेणी सुधारली, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. तुलनेचा गट नव्हता, आणि काही रुग्ण अशा इजेतून स्वतःहूनही थोडे सुधारतात. सुरक्षितता ठीक दिसली, एवढंच त्यातून धरावं.

कर्करोगाबद्दल थोडक्यात. गाठ ही कायम दाह चाललेली जागा असते, त्यामुळे या पेशी तिच्याकडे ओढल्या जातात. पेशीत सायटोसिन डीअमिनेजचं जनुक घालायचं, रुग्णाला निरुपद्रवी ५-फ्लुरोसायटोसिन द्यायचं, आणि गाठीत पोचलेली पेशी त्याचं ५-फ्लुरोयुरॅसिल या जहाल औषधात रूपांतर करते. चरबीतल्या पेशींनी हे प्राण्यांत २००७ सालीच करून दाखवलं आहे. पण त्याच पेशी औषधाविना गाठीत राहिल्या तर तिला रक्तवाहिन्या आणि आधार पुरवू शकतात. कर्करोगाचा इतिहास असलेल्या माणसाने ‘टवटवी’साठी स्टेम सेल घेणं मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

चुकीच्या पत्त्याचं काय होतं तेही सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून त्याच दिवशी काढलेला साका टोचला गेला. तिघींची दृष्टी गेली. २०१७ साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथल्या औषध नियामकाचं म्हणणं होतं की विकराने वेगळा केलेला असा साका हे औषधच आहे आणि त्याला मान्यता लागते. कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात २०२२ साली खालच्या कोर्टाने दवाखान्याची बाजू घेतली होती. २०२४ साली अपील कोर्टाने तो निकाल फिरवून नियामकाची बाजू उचलून धरली.

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला असा उपचार कोणी सुचवला, तर मी विचारीन ते प्रश्न असे. देणार आहेत तो ताजा साका की वाढवलेल्या पेशी? कुठून देणार, आणि या आजारात पेशी तिथे पोचण्याची गरज आहे असं का वाटतं? पोचल्याचा पुरावा माणसातला आहे की उंदरातला, आणि मागोवा कशाने घेतला? जिवंत पेशींचं प्रमाण, जंतुसंसर्ग आणि एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या विषाच्या) तपासण्यांचा कागद देतात का? ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? असेल तर तुलनेचा गट आहे का, आणि पैसे कोण भरतंय? खऱ्या चाचणीत औषधाची किंमत सहसा रुग्णाकडून घेतली जात नाही. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं, तर आधीच्यांची उत्तरं तपासत बसायची गरज नाही.